कोयता खाली ठेवल्यावर : पहिल्या पगारापर्यंतचा खर्च

मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचे पट्टे पडतात, म्हणजे गाळप संपतं, आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे फिरतात. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत त्या दिवसांत दुहेरी वर्दळ असते. अंकुशनगरच्या कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्यावर आलेल्या बाहेरच्या टोळ्या कोप्या मोडून निघतात, आणि याच तालुक्यांतून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली कुटुंबं घरी परततात. त्यांच्यात विशी-पंचविशीतली काही मुलंमुली अशी असतात, की पाच-सात हंगाम फडामागे फिरून झालेत आणि आता पुढच्या दिवाळीला गाडीत बसायचं नाही, असं मनाशी ठरलंय. मग घरात प्रश्न निघतो : नोकरी लागायला पैसे किती लागतात?

कागदपत्रं, परीक्षा, परवाना यांची सरकारी शुल्कं एकत्र केली तरी चार-पाच हजारांच्या वर जात नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. फडात पैसे आधी मिळतात आणि काम नंतर होतं. नोकरीत महिनाभर काम आधी, पगार नंतर. उचलीवर, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेवर चालणाऱ्या घराला हा मधला काळ पेलत नाही, आणि बहुतेकांचं पहिलं पाऊल तिथेच अडतं. म्हणून या मार्गदर्शनात शुल्कांबरोबर त्या मधल्या काळाचाही हिशेब मांडला आहे. शुल्कं अधूनमधून बदलतात. पैसे भरण्याआधी केंद्रावरचा दरफलक पाहावा आणि पावती घ्यावी.

एका नजरेत

• आधारमधील नाव, पत्ता, जन्मतारीख दुरुस्ती : ७५ रुपये, बोटांचे ठसे, फोटो अद्ययावत करणे : १२५ रुपये
• ई-पॅन : मोफत (आधारला मोबाइल जोडलेला हवा)
• जनधन खातं : मोफत, शून्य शिल्लक
• उत्पन्न, रहिवास, जातीचा दाखला : प्रत्येकी शंभराच्या आत
• सतरा नंबरचा फॉर्म, दहावी : नोंदणी हजार-अकराशेच्या घरात, परीक्षा शुल्क वेगळं
• शिकाऊ परवाना : एका वाहनप्रकाराला १५० रुपये आणि चाचणीचे ५०
• पक्का परवाना : चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २००, शिवाय कार्ड व टपालाचे
• शासकीय आयटीआयचा प्रवेश अर्ज : राखीव प्रवर्गाला १००, खुल्या प्रवर्गाला १५० रुपये
• आरसेटीचं प्रशिक्षण : मोफत, राहणं-जेवणासह

आधी कागद जुळवा

दरवर्षी अर्धं वर्ष गावाबाहेर काढलेल्या मुलांचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत. पहिली-दुसरी गावच्या शाळेत, मधली दोन वर्षं साखरशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात, पुढे नाव पटावर पण मुलगा फडात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि आधारवर सरसकट १ जानेवारी, हा प्रकार घरोघरी सापडतो. नोकरीच्या ठिकाणी भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडताना ही तफावत नडते.

म्हणून पहिला फेरा शाळेत मारा आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या. त्यावरची तारीख प्रमाण धरून आधार दुरुस्त करा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे घाईत चुकीचा कागद लावू नका. मोबाइल क्रमांक स्वतःचाच जोडा. मुकादमाचा किंवा भावाचा क्रमांक जोडलेला असेल, तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं.

दाखल्यांसाठी आपले सरकार सेवा केंद्रात जा. अनेक ठिकाणी अजूनही प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक आणायला सांगतात. जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमिलेयर अशा दाखल्यांसाठीचं हे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २०२५ मध्ये माफ केलं आहे. साध्या कागदावर स्वसाक्षांकित अर्ज चालतो. चार दाखल्यांना चार मुद्रांक घेतले तर दोन हजार रुपये फुकट जातात.

ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घेतलं नसेल तर तेही घ्या. तुम्ही फड सोडत असलात तरी आई-वडील अजून जात असतील, आणि धाकट्या भावंडांना संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहात जागा मागताना हा कागद उपयोगी पडतो. २०२१ मध्ये आलेल्या या वसतिगृह योजनेच्या पहिल्या टप्प्यातच अंबड आणि घनसावंगी हे दोन्ही तालुके होते.

दहावी राहिली असेल तर

आठवी-नववीला सुटलेल्यांपुढे दोन सोयीचे मार्ग आहेत, आणि निवड करताना शुल्काच्या आधी परीक्षेचा महिना पाहायचा.

पहिला मार्ग राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा. नोंदणी पावसाळ्यात सुरू होते, पुस्तकं तीच, गावातल्या शाळेतल्या गुरुजींची मदतही मिळू शकते. पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे गाळप जोरात असताना. घरचे फडात असतील तर परीक्षेपुरतं एकट्याने परत यावं लागतं. येण्याजाण्याचं भाडं आणि मुकादम लावेल तो खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, हा खर्च शुल्कापेक्षा जास्त भरतो.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. पाच विषयांचं प्रवेश शुल्क साधारण दीड-दोन हजारांच्या घरात, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना सवलत, परीक्षा शुल्क विषयागणिक वेगळं. एकूण खर्च थोडा जास्त, पण परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. एक टप्पा पट्टा पडल्यावर, दुसरा टोळी हलण्याच्या सुमारास. शिवाय सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. फड अजून पूर्ण सुटला नसेल, तर हाच मार्ग परवडतो.

चाकाची वाट : परवाना

टोळीतल्या बऱ्याच तरुणांना ट्रॅक्टर चालवता येतो, पण खिशात परवाना नसतो. धुळे-सोलापूर महामार्ग शहागड, वडीगोद्रीवरून जातो. ढाबे, गॅरेज, टेम्पो, बियाण्यांच्या आणि सळईच्या गाड्या यांची या रस्त्यावर सतत ये-जा असते. त्यामुळे परवाना हा इथे सगळ्यात लवकर पैसे देणारा कागद आहे.

शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या मोबाइलवर देता येते. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. जालन्याच्या परिवहन कार्यालयात जायचं की तालुक्याच्या शिबिरात, हे वेळ घेतानाच पाहा. हलक्या वाहनाचं सगळं सरकारी शुल्क हजाराच्या आसपास बसतं. मोटर ड्रायव्हिंग स्कूलची फी वेगळी; ती गावागणिक चार-पाच हजारांपासून पुढे असते. हात बसलेला असेल तर हलक्या वाहनासाठी स्कूलमध्ये नाव घालणं सक्तीचं नाही.

इथे दोन गोष्टी ठाऊक असल्या तर बरेच पैसे वाचतात. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे टेम्पोवर लागण्यासाठी लगेच जड वाहनाचा खर्च करायची गरज नाही. आणि व्यावसायिक परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. आठवीचा दाखला मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

ट्रक किंवा बस चालवायची असेल तर वय २० पूर्ण, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना, मान्यताप्राप्त स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला लागतो. मोठा खर्च स्कूलचा. तो दुसऱ्या वर्षी, टेम्पोच्या पगारातून करावा.

हाताची वाट : आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी

आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालानंतर सुटतात. अंबड, जालना इथे शासकीय संस्था आहेत. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे आणि दहावी पासवाल्यांसाठी. वेल्डरसारखे एक वर्षाचे काही व्यवसाय दहावी नापासांनाही खुले असतात. शासकीय संस्थेची वर्षाची फी मोजक्या हजारांत आटोपते. खासगी संस्थेची फी कित्येक पट असते, म्हणून खासगी संस्थेत नाव घालण्याआधी शासकीय प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या संपू द्या.

वर्ष-दोन वर्षं बिनकमाईची काढणं शक्य नसेल, तर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप हा मधला रस्ता आहे. १९६१ च्या कायद्यानुसार तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. साखर कारखानाही त्यात येतो आणि जालना औद्योगिक वसाहतीतली सळईची मिलही. २०१९ च्या नियमांनी ठरलेलं किमान मासिक विद्यावेतन असं : पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. आस्थापना यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी देऊ शकत नाही. नोंदणीला उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नसतात. पाचवी पास मुलालाही यात जागा आहे, हे फडातल्या घरांना कुणी सांगत नाही.

बारावी, आयटीआय किंवा पदवी झालेल्यांनी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची चौकशी करावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांसाठी बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ही नोकरी नव्हे आणि पुढे कायम करण्याची हमीही नाही. मिळतो तो अनुभवाचा दाखला. जालन्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जागा आहेत का ते विचारा. चौकशीला पैसे पडत नाहीत.

स्वतःचं काही करायचं असेल, म्हणजे शिवणकाम, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, तर आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था पाहा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ही संस्था प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत देते, आणि नंतर कर्जाच्या अर्जालाही हातभार लावते.

कारखान्यातच नोकरी?

अंकुशनगरच्या परिसरात वाढलेल्या मुलाला पहिली नोकरी कारखान्यातच हवी असते. गव्हाण, वजनकाटा, मिल, बॉयलर, शेतकी विभाग ही नावं त्याला पाठ असतात. पण साखर कारखान्यातली पुष्कळ कामं हंगामी असतात. गाळप संपलं की घरी बसावं लागतं, आणि रिटेन्शन, म्हणजे बंद काळातला भत्ता, फक्त हंगामी कायम कामगारांना मिळतं. कंत्राटदाराकडून लागलात तर तेही नाही. त्यामुळे होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा : नेमणूक कारखान्याची की कंत्राटदाराची, हंगामी की बारमाही, निधी कापला जाणार का.

फडातला अनुभव कागदावर मांडायलाही शिका. अर्जात "शिक्षण नववी, अनुभव नाही" असं लिहून मुलं मोकळी होतात. ज्याने टोळीचं टनेज वहीत उतरवलं, काट्याच्या पावत्या सांभाळल्या आणि मुकादमाशी हिशेब जुळवला, तो काट्यावरच्या मदतनीसाचं किंवा गोदामातल्या नोंदींचं काम करू शकतो. ज्याने रात्री-अपरात्री भरलेली ट्रॉली उसाच्या शेतातून डांबरीवर काढली, त्याला ट्रॅक्टर समजतो. अर्जावर असं लिहा : "चार हंगाम बारा कोयत्यांच्या टोळीच्या वजनाच्या नोंदी ठेवल्या." हंगामाची आणि कोयत्यांची संख्या अर्थात तुमची खरी असेल ती.

ऊसतोडणी यंत्रांकडेही लक्ष ठेवा. राज्यात यंत्र खरेदीला किमतीच्या ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आली. यंत्र घेणाऱ्याला ते चालवणारा हवाच असतो, आणि सरी, बांध, आडवा ऊस ओळखणारा ऑपरेटर शहरातून मिळत नाही. मालकाकडे आधी मदतनीस म्हणून एक हंगाम काढणं, ही याची फी समजा.

पगाराची पावती वाचा

जालन्याच्या मिलमध्ये किंवा वाळूजच्या कंपनीत "बारा हजार" सांगितले, तर हातात बारा येत नाहीत. पूर्ण रकमेवर निधी कापला असं धरू :

• ठरलेला पगार : १२,०००
• भविष्य निर्वाह निधी, १२ टक्के : १,४४०
• कर्मचारी राज्य विमा, ०.७५ टक्के : ९०
• व्यवसाय कर : २०० (महिलांना २५,००० पर्यंत माफ)
• हातात : १०,२७०, महिलेला १०,४७०

कापलेले १,४४० बुडालेले नसतात. तेवढीच भर मालकालाही घालावी लागते आणि पैसे तुमच्या नावावर साठतात. विम्याच्या कार्डावर कुटुंबाचे उपचार होतात. "कापाकापी नको, रोख बारा हजार घे" म्हणणारा कंत्राटदार वाचवतो ते स्वतःचे पैसे.

आता पहिल्या महिन्याचा हिशेब. एक तारखेला रुजू झालात तर पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला होतो, म्हणजे जवळपास ४० दिवसांनी. उदाहरणादाखल, चौघांच्या खोलीत तुमचा वाटा १,५०० धरला, अनामत १,५००, मेसचे ४० दिवसांचे ४,०००, पुढच्या महिन्याचं भाडं १,५००, येणंजाणं ५००, बूट-चादर-किरकोळ १,००० : एकूण १०,००० रुपये. गावागणिक आकडे बदलतील. तुमचे आकडे घालून ही बेरीज स्वतः करा. ही रक्कम हाताशी नसेल तर तिसऱ्या आठवड्यात मुलगा गावी परततो, आणि लोक म्हणतात याला नोकरी जमली नाही.

घरून ये-जा करता येत असेल तर एसटीचा मासिक पास काढा. वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास होतो. महिलांना तिकीट अर्धंच आहे.

उचल : सगळ्यात महाग रक्कम

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. जोडीने एक लाखाची उचल घेतली असेल, तर ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तरी साडेचार महिने, एकही खाडा न होता. हंगाम संपताना वीस-तीस हजार अंगावर राहतात ते यामुळे.

तुम्हाला सुटायचं असेल तर बाकीचा आकडा आधी लेखी करून घ्या. मुकादमाच्या वहीतलं पान मोबाइलवर टिपा : उचल किती, टन किती, खाडे किती, दर काय. काट्याच्या पावत्यांशी ते ताडून पाहा. बाकी निघाली तर पगारातून हप्त्याने द्यायची बोली चार माणसांसमोर करा. आई-वडील आणि तुम्ही एकाच उचलीत असाल, तर अर्धा कोयता, म्हणजे जोडीतला एक माणूस, कमी झाल्याचा हिशेब नवी रक्कम घेण्यापूर्वी ठरवा.

बाकी आहे म्हणून कुणाला अडकवून ठेवणं, घरातल्या दुसऱ्याला बळजबरीने कामाला नेणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा.

इथे पैसे देऊ नका

• नोकरीआधी गणवेश, अनामत, मेडिकल किंवा "फाइल चार्ज" मागणाऱ्याला
• कारखान्यात किंवा महामंडळात "आतून" लावतो म्हणणाऱ्याला
• ई-श्रम नोंदणी, ई-पॅन, शिकाऊ उमेदवारीची नोंदणी अशा मोफत कामांसाठी
• मूळ दाखले ठेवून घेणाऱ्याला. दाखवायला मूळ, द्यायला फक्त झेरॉक्स

कोणतं काम कधी

एप्रिल : मुकादमाशी लेखी हिशेब, शाळेचा दाखला, आधार दुरुस्ती.
मे : उत्पन्न, जात, रहिवास दाखले; शिकाऊ परवाना; बँक खातं.
जून : पक्क्या परवान्याची चाचणी, आयटीआयचा अर्ज, आरसेटीत नाव.
जुलै : सतरा नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालय; शिकाऊ उमेदवारीची नोंदणी; जालना, वाळूज, शेंद्रा इथे चौकशी.
ऑगस्टच्या आत : चाळीस दिवसांचे पैसे बाजूला काढून रुजू होणं.

पावसाळ्यात मुकादम नव्या हंगामाची उचल वाटायला लागतात. घरात लग्न, दवाखाना, घराचं काम काढलेलं असतं आणि एकरकमी पैसा समोर दिसतो. ती रक्कम एकदा घेतली की त्या वर्षाचा निर्णय झाला, मग परवाना खिशात असो की आयटीआयचा प्रवेश हातात. म्हणून घरात बसून बोलायचं ते आधी बोला. एका माणसापुरती तरी यंदाची उचल घेऊ नका, आणि त्याच्या हातात दहा हजार रुपये देऊन त्याला पहिला पगार होईपर्यंत मागे बोलावू नका.